घरी न्या, सेवा करा



नोव्हेंबर महिना आपण मृतांच्या आत्म्यांसाठी राखून ठेवतो. गेल्या आठवड्यात आपण कबरस्तानात गेलो, कबरी साफसूफ केल्या, फुले वाहिली, मेणबत्त्या लावल्या. गेलेल्या माणसांसाठी आपला धर्मग्राम पुष्कळ करतो. आज मात्र आम्हांला तुमचे लक्ष वेगळ्या माणसांकडे वळवायचे आहे. ती अजून आपल्यात आहेत, आपल्याच शहरात घरोघरी अंथरुणाला खिळलेली आहेत आणि त्यांच्या नातलगांना दवाखान्यातून सांगण्यात आले आहे, "आता इथे ठेवून उपयोग नाही. घरी न्या, सेवा करा."

हे शब्द आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असतील. 'घरी न्या' हे लगेच कळते, रिक्षा बोलावली की झाले. पण 'सेवा करा' म्हणजे नेमके काय करा, हे सहसा कोणी सांगत नाही. रिपोर्टांची पिशवी, चार गोळ्यांची पाकिटे आणि एक कण्हणारे माणूस घेऊन घरातली मंडळी परत येतात. दिवस कसाबसा निघतो. रात्री दोन वाजता वेदना सुरू झाल्या की मुलगा उशाशी बसून राहतो, सून देवघरातील क्रुसापुढे मेणबत्ती लावते आणि सगळे घर सकाळ होण्याची वाट पाहते.

ही सेवा कशी करावी याचे आता एक शास्त्र आहे. इंग्रजीत त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. मराठीत कोणी उपशामक सेवा म्हणतात, कोणी परिहार सेवा. आजार बरा होवो वा न होवो, माणसाची वेदना, धाप, उलटी, जखम, भीती आणि एकटेपणा कमी करणे हे या शास्त्राचे काम. ते केवळ कॅन्सरसाठी नाही. किडनी निकामी झालेले, हृदय थकलेले, दम्याने जेरीस आलेले, पक्षाघाताने पडलेले, स्मरण हरवलेले वृद्ध, असाध्य आजाराची मुले, या सर्वांसाठी ते आहे. यात डॉक्टर व नर्स असतात तसेच घरचे लोक, शेजारी आणि धर्मगुरूही असतात.

या शब्दाच्या मुळाशी लॅटिन 'पॅलियम' आहे. पॅलियम म्हणजे अंगावर घ्यायचा झगा, पांघरूण. येत्या ११ नोव्हेंबरला आपण टूर्सच्या संत मार्टिनचा सण पाळतो. चौथ्या शतकातील हा रोमन सैनिक. आमियां शहराच्या वेशीवर थंडीने काकडणारा भिकारी त्याला दिसला, तेव्हा त्याने तलवारीने आपला झगा मधोमध कापला आणि अर्धा त्याच्या अंगावर घातला. त्या रात्री स्वप्नात तो अर्धा झगा पांघरलेला ख्रिस्त त्याला दिसला, अशी परंपरा आहे. (जाता जाता सांगतो, 'चॅपेल' हा शब्दही मार्टिनच्या त्या झग्यावरूनच आला आहे. तो झगा जिथे जपून ठेवला त्या जागेचे ते नाव.) मार्टिनने त्या माणसाची गरिबी संपवली नाही, थंडीही थांबवली नाही. आपल्याकडे जे होते त्यातले अर्धे देऊन ती रात्र निभावून नेली. आपल्या आया-आज्यांनी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या त्या याच कामासाठी. त्यामुळे हे शास्त्र परदेशातून आलेले वाटले तरी त्यामागची भावना आपल्या घरात जुनीच आहे.

पण भावना पुरत नाही, असे आम्हांला वाटते. आपल्या लोकांत प्रेमाची कमतरता नाही. अडचण आहे ती काही समजुतींची, आणि त्यातल्या काही आपण श्रद्धेच्या नावाने बाळगल्या आहेत. त्यांबद्दल आज स्पष्ट बोलू.

पहिली समजूत वेदनेबद्दलची. "फादर, प्रभूने क्रुसावर एवढे सोसले, मग आम्ही गोळी कशाला घ्यावी?" असे एका आजीबाईंनी आम्हांला विचारले होते. त्यांच्या श्रद्धेपुढे आम्ही नम्र आहोत. आपले दुःख ख्रिस्ताच्या दुःखाशी जोडता येते, हे संत पौलाने शिकवले आहे आणि पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८४ साली दुःखाच्या ख्रिस्ती अर्थावर एक संपूर्ण पत्र लिहिले आहे. परंतु गोलगोथाची घटना नीट वाचू या. मार्क सांगतो की क्रुसावर खिळण्यापूर्वी प्रभूला गंधरस मिसळलेला द्राक्षारस देण्यात आला आणि त्याने तो घेतला नाही (मार्क १५:२३). तो त्या काळचा बधिर करणारा उतारा होता. योहान सांगतो की शेवटी प्रभूने आपल्याला तहान लागल्याचे बोलून दाखवले आणि ओठांशी धरलेली आंब घेतली (योहान १९:२८-३०). म्हणजे देवाच्या पुत्राने एक गोष्ट नाकारली आणि दुसरी मागून घेतली. मागण्यात त्याला कमीपणा वाटला नाही.

आणखी एक पाहा. स्वतःसाठी तो पेला नाकारणाऱ्या येशूने दुसऱ्या कोणाही आजाऱ्याला सांगितले नाही की सोस, हे तुझ्या भल्याचे आहे. कुष्ठरोगी आला, त्याला स्पर्श केला. रक्तस्रावाने बारा वर्षे पिडलेली बाई आली, तिला मोकळे केले. वेदना अर्पण करणे हा आजाऱ्याचा स्वतःचा निर्णय असतो. खाटेशेजारी धडधाकट बसलेल्या आपण तो त्याच्या वतीने घ्यायचा नसतो. जोराने कळ येत असते तेव्हा माणसाला प्रार्थनेचे शब्दही जुळवता येत नाहीत. वेदना उतरली की तोच माणूस जपमाळ मागतो, हे आम्ही अनेक घरांत पाहिले आहे.

ख्रिस्तसभेचे मत याबाबत जुने आणि निःसंदिग्ध आहे. २४ फेब्रुवारी १९५७ रोजी पोप बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञ डॉक्टरांपुढे बोलताना हाच प्रश्न हाताळला होता. ख्रिस्ती माणसाने वेदना सोसलीच पाहिजे असे बंधन नाही, आणि दुसरा उपाय नसेल तर गुंगी येत असली, क्वचित आयुष्य थोडे कमी होण्याचा संभव असला तरीही वेदनाशामक औषध देता येते, असे त्यांनी सांगितले. अट एवढीच की हेतू वेदना शमवण्याचा असावा, मारण्याचा नसावा, आणि त्या माणसाला आपली राहिलेली कर्तव्ये पार पाडण्याची संधी मिळालेली असावी. हेतू आणि परिणाम यांतला हा फरक आम्ही सेमिनरीत संत थॉमस अक्वायनस यांच्या ग्रंथात शिकलो. त्याच ग्रंथात दुःखावर उतारे कोणते याचीही चर्चा आहे. अश्रू, मित्रांची सोबत, सत्याचे चिंतन यांच्याबरोबरीने त्या थोर तत्त्वज्ञाने झोप आणि स्नान यांनाही जागा दिली आहे! आजाऱ्याला कोमट पाण्याने अंग पुसून देणारी सून तत्त्वज्ञान न शिकताच ते आचरते. कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथानेही (परिच्छेद २२७९) उपशामक सेवेला निःस्वार्थ प्रीतीचा विशेष प्रकार मानले असून तिला उत्तेजन द्यावे असे म्हटले आहे.

दुसरी समजूत मॉर्फिनची. नाव काढले की लोक दचकतात. "ती तर अफूची गोळी. सवय लागेल. ती दिली म्हणजे माणूस गेलाच." जाणकार डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वेदनेच्या मापाने दिलेले मॉर्फिन माणसाला व्यसनी करत नाही आणि मारतही नाही. ते तोंडाने घ्यायचे असते. साधी गोळी साधारणपणे दर चार तासांनी, घड्याळ लावून देतात, कळ असह्य होण्याची वाट पाहत नाहीत. पहिले काही दिवस झोप येते, मळमळते. पोट साफ होत नाही, म्हणून त्यासाठीचे औषध सोबतच सुरू करतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली ही पद्धत पायरीपायरीने मांडली. तरीही ती आपल्या घरांपर्यंत पोहोचली नाही, याचे एक कारण कायद्यात होते. अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा इतका कडक होता की दवाखाने मॉर्फिन ठेवायलाच घाबरू लागले. शेजारच्या मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडे सरकारी परवान्याने अफू पिकते आणि इकडे आपला आजारी तिच्यापासून बनणाऱ्या गोळीवाचून तळमळतो, अशी विचित्र अवस्था झाली. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन वाट बरीच मोकळी झाली. आजही ती गोळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळायची नाही. मान्यताप्राप्त रुग्णालयातूनच मिळते. म्हणून घाटीत, आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा तुमचे उपचार जिथे चालू असतील तिथे सरळ विचारा, "डॉक्टर, पॅलिएटिव्ह केअर कोण पाहतात? आमच्या माणसाला मॉर्फिनची गरज आहे का?" विचारायला संकोचू नका.

एक गोष्ट सांगायला अवघड आहे, पण सांगितली पाहिजे. आपल्या मराठवाड्यात तंबाखू, गुटखा आणि मिस्रीने तोंडाच्या कॅन्सरची माणसे पुष्कळ केली आहेत. गालाची जखम उघडी पडते आणि तिला वास येतो. मग त्या माणसाचे ताट वेगळे होते, खाट ओसरीवर जाते, नातवंडांना जवळ येऊ देत नाहीत. ते माणूस रोगाआधी त्या वासाने मरते. या वासावर उपाय आहे. जखम रोज मिठाच्या पाण्याने स्वच्छ करून मेट्रोनिडाझोल नावाच्या साध्या, स्वस्त गोळीची पूड तिच्यावर टाकतात. वास पुष्कळ कमी होतो. डॉक्टरांना विचारून हे घरीच करता येते. एवढ्या छोट्या माहितीने एखाद्या आजोबांची खाट ओसरीवरून पुन्हा घरात येते. तशीच दुसरी गोष्ट अंथरुणावर पडून होणाऱ्या जखमांची. दर दोन तासांनी कूस बदलली, चादर कोरडी आणि सुरकुत्यांवाचून ठेवली तर त्या बऱ्याच टळतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग १९७३ मध्ये झालेल्या हल्ल्यानंतर बेचाळीस वर्षे अंथरुणावर होत्या. त्यांच्या सहकारी परिचारिकांनी, आणि त्या निवृत्त झाल्यावर पुढच्या पिढीतल्या परिचारिकांनी, १८ मे २०१५ रोजी त्यांनी देह ठेवला तोपर्यंत त्यांची शुश्रूषा केली. अरुणाताई त्यातल्या अनेकींच्या कोणी नात्याच्या नव्हत्या.

आता तिसरी समजूत, आणि ती आमच्या स्वतःच्या कामाशी निगडित आहे. आम्ही तेल घेऊन घराच्या दारात उभे राहतो आणि आतून मुलगा हळूच बाहेर येऊन म्हणतो, "फादर, आत्ताच नको. बाबा घाबरतील. त्यांना वाटेल आपलं संपलं." मग बोलावणे येते ते शुद्ध हरपल्यावर. पापनिवेदन करता येत नाही, ख्रिस्तशरीर गिळता येत नाही. घाईघाईने कपाळाला आणि हातांना तेल लावून आम्ही परततो. रुग्णाभ्यंग हा मरणाऱ्याचा शिक्का नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सांगितले की हा संस्कार केवळ शेवटच्या घटकेसाठी नाही, आणि पोप सहावे पॉल यांनी १९७२ साली त्याचा विधी त्यानुसार नवा केला. गंभीर आजार सुरू झाला, मोठे ऑपरेशन ठरले, म्हातारपणाने शक्ती ओसरली की तो घ्यावा, आजार बळावला तर पुन्हा घ्यावा. याकोबाच्या पत्रातही आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलावण्याचे सांगितले आहे (याकोब ५:१४). मेलेल्याच्या घरच्यांनी बोलावण्याचे नाही.

पॅलिएटिव्ह केअरचीही अगदी हीच गत आहे. तिचे नाव काढले की आशा सोडली असे लोकांना वाटते, म्हणून ती शेवटच्या आठवड्यात येते. २०१० साली अमेरिकेतील बोस्टन येथे फुप्फुसाच्या वाढलेल्या कॅन्सरच्या रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासून ही सेवा मिळाली त्यांचे मन अधिक शांत राहिले, अखेरीस त्यांच्यावर जड उपचारांचा मारा कमी झाला, आणि तरीही ते सरासरी सुमारे पावणेतीन महिने जास्त जगले. केमो चालू असताना, रेडिएशनचा शेक चालू असतानाही ही सेवा घेता येते. डॉक्टरांनी हात टेकण्याची वाट पाहायची नसते आणि फादरला बोलावण्यासाठीही तशी वाट पाहायची नसते.

या सेवेला आजचे रूप देणाऱ्या सिसिली साँडर्स या ख्रिस्ती बाई. आधी परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या. १९४८ साली लंडनमध्ये पोलंडहून आलेला एक यहुदी तरुण कॅन्सरने मरत होता. डेव्हिड तास्मा त्याचे नाव. दोघे तासन्‌तास बोलत. मरताना त्याने त्यांना पाचशे पौंड ठेवले, त्यांच्या भावी घराला एक खिडकी व्हावी म्हणून. ते घर, सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, १९६७ साली उभे राहिले. माणसाची वेदना एकट्या शरीराची नसते, मनाची, घरादाराची आणि आत्म्याचीही असते, ही साँडर्सबाईंची शिकवण. आपल्याकडे हे पटायला वेळ लागणार नाही. पोटातली कळ गोळीने थांबते, पण सोसायटीचे कर्ज, मुलीचे राहिलेले लग्न, बांधावरून दहा वर्षे न बोललेला सख्खा भाऊ, ही कळ रात्री जागी ठेवते. तिच्यासाठी डॉक्टर पुरत नाहीत. गेथशेमाने बागेत प्रभूने शिष्यांजवळ काय मागितले? संकट टाळण्याची युक्ती नाही, फक्त सोबत जागे राहणे. साँडर्सबाईंनी आपल्या कामाचा पाया त्याच मागणीत पाहिला.

भारतात असे पहिले घर आपल्या महाराष्ट्रातच झाले. टाटा रुग्णालयातील कॅन्सर सर्जन डॉ. लुईस जोस डिसोझा यांच्या पुढाकाराने १९८६ साली वांद्रे येथे, माउंट मेरीच्या टेकडीवर 'शांती अवेदना सदन' सुरू झाले. अवेदना म्हणजे वेदना नसणे. तिथे धर्मभगिनी कोणत्याही धर्माच्या रुग्णाची सेवा करतात आणि त्याच्याकडून पैसे घेत नाहीत. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्ला केंद्र हीच सेवा विनामूल्य देते. केरळात कोझिकोडे येथे १९९३ मध्ये डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम सुरू केले आणि पुढे तिथल्या वाड्यावस्त्यांतल्या साध्या माणसांनी थोडे प्रशिक्षण घेऊन ते घरोघरी नेले. शिक्षक, रिक्षावाले, गृहिणी आठवड्यातले काही तास आपल्या भागातील आजाऱ्यांना देतात. आपण केरळातून इतक्या सिस्टर आणि फादर घेतले, हीही एक गोष्ट घ्यायला हरकत नाही!

खर्चाविषयी थोडेसे. बेथानीच्या घरी एका बाईने प्रभूच्या मस्तकावर महागडे सुगंधी तेल ओतले, तेव्हा जमलेले कुरकुरले की हा नाश कशाला. प्रभूने तिची बाजू घेतली. तिला जे शक्य होते ते तिने केले, आपल्या उत्तरकार्यासाठी आधीच अभ्यंग केला, असे तो म्हणाला (मार्क १४:३-९). मरणाऱ्याच्या सुखासाठी केलेला खर्च वाया जात नाही. पण शेत विकून, दागिने मोडून, ज्याचा उपयोग नाही असे डॉक्टरच सांगतात ते उपचार लादत राहणे ही वेगळी गोष्ट आहे. फलाची आशा नसलेले, रुग्णाला पेलवत नसलेले उपचार थांबवणे म्हणजे हत्या नव्हे, असे धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो (परिच्छेद २२७८). पोप दुसरे जॉन पॉल २००५ साली अखेरच्या दिवसांत पुन्हा रुग्णालयात गेले नाहीत, आपल्या खोलीतच राहिले. सर्वोच्च न्यायालयानेही २०१८ साली असे उपचार नाकारण्याचा माणसाचा हक्क मान्य केला आणि २०२३ साली त्याची पद्धत सोपी केली. तसा कागद करायचा असेल तर आधी आमच्याशी बोला, कारण अन्नपाणी आणि नित्याची शुश्रूषा बंद करणे, किंवा इंजेक्शन देऊन जीव घेणे, हे ख्रिस्तसभेला मुळीच मान्य नाही.

आणि आजाऱ्याशी खोटे बोलू नका. "काही नाही, अल्सर आहे," असे घरभर ठरवून सांगतात. त्या माणसाला आपले शरीर कळत असते. तो तुमच्यासाठी न कळल्याचे नाटक करतो, तुम्ही त्याच्यासाठी करता, आणि सख्खी माणसे एकमेकांपासून दुरावतात. सगळे एकदम तोंडावर फेकावे असे आम्ही म्हणत नाही. तो विचारेल तेव्हा बसा, हात धरा आणि जेवढे विचारतो तेवढे खरे सांगा. बांधावरच्या त्या भावाला बोलावून आणण्यासाठी वेळ लागतो.

आपल्या धर्मग्रामात या महिन्यापासून पुढील व्यवस्था केली आहे. महिला मंडळ आणि संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद जोडीने आजाऱ्यांच्या घरी जातील आणि दोन तास खाटेशेजारी बसतील, म्हणजे रात्रंदिवस करणाऱ्या सुनेला, मुलीला किंवा पत्नीला झोप घेता येईल, मिस्साला येता येईल. युवक संघातील ज्यांच्याकडे मोटारसायकल आहे त्यांनी दवाखान्यातून औषधे आणून देण्यासाठी आपली नावे द्यावीत. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही घरोघरी ख्रिस्तशरीर घेऊन येतोच. येत्या रविवारी सकाळच्या मिस्सात आजारी व वृद्धांना रुग्णाभ्यंग दिला जाईल. खुर्च्या वेदीजवळ मांडलेल्या असतील. आजाऱ्यांची नावे व पत्ते शनिवार संध्याकाळपर्यंत कार्यालयात सिस्टरांकडे द्यावेत. ज्यांना जिना उतरता येत नाही त्यांच्याकडे आम्ही तेल घेऊन येऊ. दार उघडे ठेवा.